गिळलेले शब्द



गळ्याच्या घाटीवर बोट ठेवा आणि एकदा आवंढा गिळा. घाटी वर सरकली, क्षणभर श्वास थांबला, मग ती खाली आली. घास तोंडात असतो तोवर आपण त्याचे मालक असतो. नको वाटला तर थुंकून टाकू शकतो. तो घशात उतरला की पुढचं काम शरीर परस्पर उरकतं. इंग्रजीतल्या 'स्वॅलो' या क्रियापदाची कथा याच जागेभोवती फिरते.

जुन्या इंग्रजीत याचं रूप होतं 'स्वेल्गन'. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद 'श्वेल्गेन' आजही नांदतो, फक्त आता त्याचा अर्थ चैनीत लोळणं असा आहे. इंग्रजांच्या तोंडी 'ल' आणि 'र' यांच्या मागून येणारा 'ग' हळूहळू विरघळला. जर्मन 'फोल्गेन'शेजारी इंग्रजी 'फॉलो' ठेवून पाहा, 'गाल्गेन'शेजारी 'गॅलोज'. म्हणजे गिळण्याचा शब्दच आपल्यातला 'ग' गिळून बसला! भिंगरी पक्ष्यालाही इंग्रजीत 'स्वॅलो' म्हणतात, पण ते कूळ निराळं. जर्मनमध्ये तो पक्षी 'श्वाल्बे' आहे. दोन परके शब्द उच्चार झिजत झिजत एका रूपात येऊन मिळाले.

आपलं 'गिळणं' मात्र संस्कृत 'गिरति', 'गिलति'कडून आलं. लॅटिन 'वोरारे' त्याचं दूरचं भावंड, आणि त्यातून इंग्रजीत 'डिव्हाउअर' म्हणजे फस्त करणं हा शब्द आला. आपलं नातं आहे ते त्या शब्दाशी.

राग गिळणं, अपमान गिळणं इंग्रजीतही आहे. पण कुणी थापेवर विश्वास ठेवला तर इंग्रज म्हणतो, यानं ती गिळली. आपण म्हणतो, त्यानं ती याच्या गळी उतरवली. दोष आपण उतरवणाऱ्याला देतो, इंग्रजी तो ऐकणाऱ्याकडे ठेवते. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात ग्रेंडेल राक्षस झोपलेल्या योद्ध्याचे लचके तोडून गिळतो तेव्हा 'स्वेल्गन' हेच क्रियापद येतं. काव्याच्या शेवटी नायकाची चिता पेटते, आणि तिचा धूर आकाश गिळून टाकतं. तिथंही हेच. या काव्याची एकमेव हस्तलिखित प्रत १७३१ साली लंडनमधल्या एका आगीत सापडली आणि तिच्या कडा होरपळल्या.

पण मला सर्वांत जवळचं वाटतं ते एक्सेटरच्या कॅथीड्रलमधलं, दहाव्या शतकात लिहिलेलं एक जाड पुस्तक. त्याची शेवटची पानं जळून आरपार भोकं पडली आहेत. त्यात जुन्या इंग्रजीतली कोडी आहेत, आणि एक कोडं अवघ्या सहा ओळींचं आहे. आपल्याकडे पोथीला कसर लागते ना, तसला एक किडा त्यात अंधारात कुणा माणसाचे शब्द खाऊन टाकतो. ही कल्पना मूळची सिम्फोसिअस या लॅटिन कवीची. त्याच्याकडे किडा स्वतःच बोलतो. इंग्रज कवीनं किड्याला गप्प केलं, त्याला चोर पाहुणा म्हटलं, आणि सांगितलं की इतके शब्द पोटात घालूनही तो तसूभर शहाणा झाला नाही.

इथं भाषेची गंमत पाहा. 'स्वेल्गन'चा त्या काळी आणखी एक अर्थ होता: ऐकलेलं, वाचलेलं मनात मुरवून घेणं. घोकंपट्टी करून परीक्षेत ओकणाऱ्या मुलांना पाहिलं की मला तो हरवलेला अर्थ आठवतो आणि हळहळ वाटते. कवीला दोन्ही अर्थ ठाऊक होते. किड्यानं एका अर्थानं गिळलं, दुसऱ्या अर्थानं नाही. म्हणूनच की काय, सहाव्या ओळीच्या अगदी टोकाला कवीनं तेच क्रियापद ठेवलं: 'स्वेअल्ग', गिळलं.