हिरव्या कुरणातील उपासमार



जनावर उपासमारीने मेले असे ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे दुष्काळाचे चित्र उभे राहते. करपलेली माळराने, आटलेली तळी आणि छावणीच्या वाटेला लागलेली हाडकुळी गुरे. परंतु समोर गुडघाभर हिरवे गवत आहे, पाणी मुबलक आहे, अंगात कोणत्याही रोगजंतूचा शिरकाव झालेला नाही, आणि तरीही जनावर दिवसेंदिवस खंगत जाऊन मरते, हे चित्र सहसा आपल्या कल्पनेत येत नाही. अशाच एका उपासमारीची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, रोटोरुआ आणि टाउपो ह्या सरोवरांच्या आसपास, ज्वालामुखीच्या राखेने बनलेले एक विस्तीर्ण पठार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे वसाहत करावयास आलेल्या लोकांनी रान तोडून गवत पेरले. गवत चांगले आले. परंतु त्यावर सोडलेली गुरे आणि मेंढ्या काही महिन्यांतच रोडावू लागली. प्रथम त्यांची भूक जाई, मग बरगड्या दिसू लागत, डोळ्यांच्या आतील कडा पांढुरक्या पडत आणि शेवटी जनावर उठेनासे होई. तेथील लोक ह्या व्याधीला 'बुश सिकनेस', म्हणजे रानव्याधी, म्हणत. विलक्षण गोष्ट अशी की, हेच मरणपंथाला लागलेले जनावर दुसऱ्या प्रकारच्या जमिनीवर नेऊन चारले, तर ते पुन्हा धष्टपुष्ट होई. ज्यांच्यापाशी अशी दुसरी जमीन होती ते आपले कळप फिरवून चारीत. ज्यांच्यापाशी ती नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांना मेहनतीने उभे केलेले कुरण सोडून जाण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

न्यूझीलंडच्या शेतकी खात्यातील रसायनशास्त्रज्ञ ॲस्टन यांनी ह्या व्याधीचा पाठपुरावा केला. जनावर पांढरे पडते, त्याअर्थी हा पंडुरोग असावा आणि तो लोहाच्या अभावाने होत असावा, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी लिमोनाइट नावाचे लोहयुक्त खनिज जनावरांना देऊन पाहिले आणि गुरे सुधारली. औषध लागू पडले, तेव्हा निदानही खरे, असे धरून चालण्यात आले. दुखणे जाते म्हणून त्याचे कारण कळले असे आपणही घरोघर मानतोच. परंतु येथे मात्र औषध खरे होते आणि निदान चुकीचे होते.

ही चूक उघडकीस आली ती समुद्रापार, पश्चिम ऑस्ट्रेलियात. तेथील दक्षिण किनाऱ्यावर डेन्मार्क नावाचे एक गाव आहे. युरोपातील देशाशी त्याचा गोंधळ होऊ नये. ह्या गावच्या परिसरात १९२०च्या दशकात नव्या वसाहती स्थापन झाल्या होत्या आणि तेथील गुरांनाही हाच खंगण्याचा रोग जडला होता. फिल्मर आणि अंडरवुड ह्या दोघा संशोधकांनी त्याचा तपास हाती घेतला. मेलेल्या जनावरांची यकृते आणि प्लीहा तपासल्या, तर त्यांत लोहाचा तुटवडा नव्हता, उलट भरपूर साठा होता. घरात धान्याची कोठारे भरलेली असता मनुष्य धान्याच्या टंचाईने मेला, असे कोण म्हणेल? मग त्यांनी लिमोनाइटमधील लोह काढून टाकले आणि उरलेला अर्क जनावरांना दिला. गुरे तरीही बरी झाली! गुण लोहाचा नव्हता. लोहासोबत आलेल्या दुसऱ्याच कोणत्या तरी द्रव्याचा होता. एकेक घटक वेगळा करीत करीत १९३५ साली त्यांनी ते द्रव्य हुडकून काढले. ते होते कोबाल्ट. त्याच सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात मार्स्टन आणि लाइन्स हे मेंढ्यांच्या अशाच एका रोगाचा शोध घेताना ह्याच निष्कर्षाप्रत येऊन पोहोचले होते.

हे कोबाल्ट लागते तरी किती? एक किलो सुक्या चाऱ्यात साधारणतः एकदशांश मिलिग्रॅम. दिवसाला दहा किलो सुका चारा खाणाऱ्या जनावराचा हिशेब केला, तर रोज एक मिलिग्रॅम, आणि वर्षभराचे मिळून एक तृतीयांश ग्रॅमच्या थोडे वर. चिमटीच्या टोकावर मावेल एवढ्या द्रव्यावाचून चारशे किलोंचे धूड कोसळते. त्याचे इंगित पुढे उकलले. १९४८ साली बी-१२ हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात हाती आले, आणि त्याच्या रेणूत कोबाल्ट असल्याचे दिसून आले. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्म जीव नांदत असतात. गवतातून आलेल्या कोबाल्टपासून ते हे जीवनसत्त्व बनवितात. चारा आंबून कोटीपोटात जी आम्ले तयार होतात, त्यांपैकी एका महत्त्वाच्या आम्लाचे शक्तीत रूपांतर करावयास जनावराला हेच जीवनसत्त्व लागते. ते नसले की पोटात अन्न असूनही देहाला त्याचा उपयोग नाही. म्हणूनच मी ह्या व्याधीला उपासमार म्हटले.

कारण कळल्यावर उपाय सोपा झाला. न्यूझीलंडमध्ये सुपरफॉस्फेट खतात कोबाल्टचा क्षार मिसळून तो एकरी जेमतेम पाच औंस पडेल अशा बेताने कुरणांवर टाकू लागले. ज्या पठारावरून माणसे हताश होऊन निघून गेली होती, तेथेच दुसऱ्या महायुद्धानंतर गुरामेंढ्यांची मोठमोठी कुरणे उभी राहिली. पुढे ऑस्ट्रेलियात कोबाल्टची जड गोळी तयार करण्यात आली. ती गिळविली की जनावराच्या पोटात बसून राहते आणि दीर्घकाळ थोडे थोडे कोबाल्ट सोडीत राहते.

परंतु हिशेब नेहमीच इतका सरळ नसतो. तांब्याचेच पाहा. पश्चिम ऑस्ट्रेलियातील काही कुरणांवर वरून निरोगी दिसणारी गाय एकाएकी मान वर फेकी, हंबरडा फोडी आणि जागच्या जागी कोसळून मरे. तांब्याच्या दीर्घकालीन उणिवेने तिच्या हृदयाचे स्नायू आतून निकामी झालेले असत. इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात ह्याच्या उलट प्रकार होता. तेथील काही कुरणांवर गुरांना विलक्षण हगवण लागे आणि त्यांच्या केसांचा रंग उडे. गवतात तांबे होते; पण मॉलिब्डेनम हे दुसरे द्रव्य फाजील होते आणि ते कोटीपोटातच तांब्याला अडकवून ठेवी. १९३८ साली हे उघड झाले, आणि जनावरांना बेताने मोरचूद देताच हगवण थांबली. एका ठिकाणी द्रव्यच नाही. दुसऱ्या ठिकाणी द्रव्य आहे, परंतु ते अंगी लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कुरणे सारखीच हिरवी!

हा प्रश्न मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या बाबतीत अधिक बिकट होतो, ह्याचे कारण त्यांच्या राहणीत आहे. दुभती गाय दोन वेळा दावणीला येते. तिच्यापुढे पेंड, भुसा, चुणी पडते, आणि दूध आटले की मालकाला त्याच दिवशी कळते. मांसाची गुरे बारा महिने मोकळ्या कुरणावर असतात. त्या जमिनीने जे दिले तेवढेच त्यांना मिळते. जे दिले नाही, ते कोणीच देत नाही. पुन्हा ही उणीव मरणापर्यंत जावयास हवी असेही नाही. वासरांचे वजन थोडे कमी भरते, कालवडी वेळेवर गाभण राहत नाहीत, साध्या रोगालाही जनावरे बळी पडतात. मालक कधी पावसाला दोष देतो, कधी वळूला. ब्राझीलच्या विस्तीर्ण कुरणांवर आज जी नेलोर गुरे चरतात ती मूळची आपल्या आंध्रातील ओंगोल जातीची; त्यांच्यासाठीही तेथे मिठात मिसळलेल्या खनिजांची चाटणे ठेवावी लागतात.

मग सर्वच द्रव्ये भरपूर चारावीत काय? मुळीच नाही. तांबे जास्त झाले तर ते विषासारखे बाधते, आणि मेंढीला तर फारच लवकर. सेलेनियम न मिळाल्यास वासरांचे स्नायू पांढरे पडून दुबळे होतात. तेच प्रमाणाबाहेर मिळाले तर खूर झडतात. तांब्याच्या बाबतीत नुसते रक्त तपासूनही भागत नाही. कारण यकृतातील साठा संपत येईपर्यंत रक्तातील प्रमाण बहुधा टिकून राहते, आणि मालकाला खोटा दिलासा मिळतो. म्हणून चारा, पाणी आणि जनावर ह्या तिहींची परीक्षा करून, पशुवैद्याच्या सल्ल्यानेच पूरक द्रव्ये देणे शहाणपणाचे होय.

आपल्याला ह्या दूरदेशीच्या गोष्टीचे काय, असे कोणी विचारील. आपल्या देशातील जमिनींत सूक्ष्म द्रव्यांपैकी जस्ताची उणीव सर्वांत अधिक आढळते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने निरनिराळ्या भागांतील चारा तपासून त्या त्या भागापुरती वेगळी खनिज मिश्रणे ठरविली आहेत, ती ह्याच विचाराने. शिवाय आपल्यापैकी जे शाकाहारी आहेत, त्यांच्या शरीराला लागणारे बी-१२ मुख्यतः दुधादह्यातूनच येते, आणि ते घडते गाईम्हशींच्या पोटात, मातीतून आलेल्या कोबाल्टच्या कणापासून. जमीन, जनावर आणि माणूस ही साखळी अशी एका कणावर तोललेली आहे.

डेन्मार्कच्या त्या दोघा संशोधकांपासून मला एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. औषध लागू पडत असतानाही ते का लागू पडते, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. कुरण हिरवे दिसते एवढ्यावर जनावर तृप्त आहे असे मानू नये. कळपातील एखादे वासरू मागे पडू लागले, तर गवताकडे बोट दाखविण्यापूर्वी त्याच्याजवळ जाऊन त्याच्या डोळ्यांची कड एकदा उलटून पाहावी. त्याला जे सांगावयाचे असते, ते तेथे अगोदरच लिहिलेले असते.