कारखान्यातली मुलाखत

मंडळी, आपल्या गावातली पोरं आता आयटीआयला जातात. फिटर, टर्नर, वेल्डर होतात. मुलीही जातात, चांगलं आहे. भावाभावांत जमिनीचे तुकडे पडले. सगळ्यांचं पोट तिच्यावर कसं भरणार?

नाशिकला कारखाने आहेत. ओझरला १९६४ साली विमानांचा सरकारी कारखाना निघाला. सातपूर, अंबड तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण कामावर घेण्याआधी मुलाखत होते. ती कशी असते, हे घरच्यांनीही समजून घ्यावं.

पोराला वाटतं, साहेब इंग्रजीत विचारणार. तिथंच तो घाबरतो. अहो, फिटरच्या परीक्षेत आधी त्याचा हात बघतात! लोखंडाचा तुकडा आणि ड्रॉइंगचा कागद देतात. म्हणतात, असा करून दे. कानस कशी धरली, घाई केली का, मधूनमधून मोजलं का, सगळ्यावर नजर असते. मग तुकड्याला गुण्या लावून उजेडाकडे धरतात. फटीतून उजेड आला की समजावं, सपाट झालं नाही.

नंतर प्रश्न. मायक्रोमीटर किती बारीक मोजतो? मिलिमीटरचा शंभरावा भाग. दहा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टासाठी आत आटे पाडायचे, तर भोक केवढं? साडेआठ. दहाचंच पाडलं तर आटे कापायला लोखंड उरेल का? कारण कळलं की आकडा ध्यानात राहतो.

एक प्रश्न फसवा असतो. लेथवर हातमोजे घालशील का? पोरगा पटकन हो म्हणतो. चूक! फिरता जॉब मोजा पकडतो आणि हात आत ओढतो. सैल बाही, हातातलं कडंही नको. हे मुलाखतीपुरतं नाही, बोटं शाबूत राहायची तर रोजच पाळायचं आहे.

येत नसेल तर ‘येत नाही, शिकेन’ म्हणावं. थाप पुढच्याच प्रश्नाला उघडी पडते.

अप्रेंटिस म्हणून घेतलं तर १९६१ च्या कायद्याप्रमाणे दरमहा विद्यावेतन मिळतं. पण मुदत संपल्यावर तिथंच कायम करतील असं धरून चालू नका. ते आधीच विचारून घ्यावं.

आणि कुणी म्हणालं, ‘पैसे द्या, पोराला चिकटवतो,’ तर त्याला दारातूनच वाटेला लावा. दागिना मोडू नका.

दाखले अस्सल घ्यावेत, नकलाही घ्याव्यात. आदल्या रात्रीच पिशवीत भरून ठेवा. सकाळी पोराला जेवून पाठवा. परीक्षा लांबली तर उपाशी हात कानशीवर थरथरतो.