तळें कोणाचें, रान कोणाचें?

[बुलढाणा जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं भरलेल्या शेतकरी, कारागीर व आदिवासी बंधुभगिनींच्या सभेंत एका शाळामास्तरानें केलेलें भाषण]



मी पुढारी नव्हे. अध्यापक विद्यालयांतून शिकून आलेला, मुलांस बाराखडी व पाढे शिकविणारा मराठी शाळेचा मास्तर आहें. मोठमोठे शब्द मजपाशीं नाहींत. एक हिशोब तेवढा मांडावयाचा आहे, आणि त्यांत पहिली चूक माझीच आहे, ती आधीं सांगतों.

आमच्या गांवास एक तळें आहे. रोजगार हमीच्या कामावर आमच्याच आयाबापांनीं टोपलीं वाहून तें बांधलें. कांहीं वर्षांपूर्वीं त्याच्या सांडव्यास भेग पडली. चार पोतीं सिमेंट व दोन दिवसांची मजुरी एवढ्यांत काम भागलें असतें. मीं वर्गणीचा विषय काढला, तेव्हां एक म्हातारबा म्हणाले, “मास्तर, तयं सरकारचं व्हय, आपल्याले काय करा लागते?” कचेरींत गेलों, तों उत्तर मिळालें कीं देखभाल गांवच्या समितीनें करावयाची. समिती कोणती? वही काढून पाहतों तों तिच्यांत माझीच सही! लिहितां येतें म्हणून मला चिटणीस नेमलें होतें, आणि न भरलेल्या सभेच्या इतिवृत्तावर मीं न वाचतां सही ठोकली होती.

पुढच्या पावसाळ्यांत सांडवा वाहून गेला. उन्हाळ्यांत विहिरी आटल्या, आणि माझ्या हजेरीपटावर मुलींच्या नांवांपुढें गैरहजेरीच्या खुणा वाढूं लागल्या. मुली होत्या कोठें? हंडे घेऊन पाण्याच्या वाटेवर. त्या दिवसापासून मला झोंप नाहीं, म्हणून आज बोलावयास उभा राहिलों आहें.

बंधूंनो, गांवांत पाऊस नव्हता असें नाहीं, पैसा नव्हता असेंही नाहीं. तळ्याला धनी नव्हता. गांव म्हणे सरकारचें, सरकार म्हणे समितीचें, आणि समिती कागदावर. ई-क्लास जमिनीचेंही तेंच. गुरें चारावयाची ती जागा. पण ज्याच्या अंगांत जोर त्यानें तींत नांगर घातला, आणि गरिबाची शेळी बांधावर उपाशी राहिली. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत जंगलखात्यानें गायरानें बळकावल्याचें गाऱ्हाणें मांडलें आहे. आज तें गाऱ्हाणें सरकारपुरतें राहिलें नाहीं, आपल्यांतल्या दांडग्यांनाही तें लागू आहे.

अलीकडे महामार्गाच्या भरावासाठीं आपल्या जिल्ह्यांतील तळीं व नाले खोल करून माती व मुरूम नेण्यांत आला. त्या कामास ‘बुलढाणा पॅटर्न’ असें नांव पडलें. पाणी वाढलें, तें चांगलेंच झालें. पण यंत्र आलें आणि गेलें. मागें राहिलेल्या पाण्यावर हक्क कोणाचा? काठावरच्या इंजिनवाल्याचा, कीं साऱ्या गांवाचा? हें ठरलें नाहीं तर खोल केलेलें तळेंही दोन-चार मळ्यांचें खाजगी हौद होईल. पुणें जिल्ह्यांत पुरंदर तालुक्यांत विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा कीं, पाणी जमिनीच्या एकरांवर न वांटतां घरांतील माणसांवर वांटावें, भूमिहीनासही त्यांत वांटा असावा, आणि उसास तें देऊं नये. तळें सर्वांचें म्हणजे काय, तें या नियमांत दिसतें.

आतां रानाकडे वळूं. जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत डोंगराच्या कुशीला भिल्ल, भिलाला, कोरकू, निहाल हे आपले बंधू राहतात. त्यांच्यासंबंधीं एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. शेजारच्या मेळघाटास घटनेच्या पांचव्या अनुसूचीचें छत्र आहे, आपल्या जिल्ह्यास तें नाहीं. म्हणून ग्रामसभांस विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा येथें चालत नाहीं. तेथल्या कोरकूस जें मिळालें, तें येथल्या कोरकूस नाहीं. डोंगर एक, पण सरहद्द आडवी आली.

मग आपल्या हातीं कांहींच नाहीं काय? आहे. २००६ चा वनहक्क कायदा साऱ्या जिल्ह्यास लागू आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, तिच्यावर ज्याचें पोट आहे, त्यास चार हेक्टरांपर्यंत हक्क मिळतो. तो पतिपत्नी दोघांच्या नांवें होतो, मुलांस वारशानें जातो, पण विकतां येत नाहीं. हा शेवटचा शब्द सोन्याचा आहे. सावकाराच्या वहींत जमीन जाते ती विक्रीच्या वाटेनें. ती वाटच येथें बंद केली आहे. आदिवासींच्या इतर जमिनीही जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून बिगर-आदिवासीच्या नांवें होऊं शकत नाहींत. पण मक्त्यानें दिलेलें शेत वर्षानुवर्षें परत येत नाहीं, तेथें कायदा झोंपलेला असतो. त्यास जागें करणें हें गांवाचें काम.

त्याच कायद्यांत दुसरा हक्क आहे, तो साऱ्या गांवाचा. वहिवाटीचें जंगल राखण्याचा, वाढविण्याचा व त्याचा कारभार पाहण्याचा हक्क ग्रामसभेस मिळतो. डिंक, मोह, तेंदूची पानें, चारोळी यांवर तिची मालकी. बांबूही यांतच आला, हें बुरूड बांधवांनीं ध्यानांत घ्यावें. जे आदिवासी नाहींत पण तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, रानाच्या आधारानें तेथेंच राहात आले, त्यांसही हा कायदा जवळ करतो. शिवाय शाळा, अंगणवाडी, रस्ता, तळें, पिण्याच्या पाण्याची नळयोजना अशा सोयींसाठीं ग्रामसभेनें शिफारस केली, तर प्रत्येक कामास एक हेक्टरांहून कमी वनजमीन मिळूं शकते. ‘जंगलखातें रस्ता होऊं देत नाहीं’ असें म्हणून स्वस्थ बसण्यापूर्वीं आपण ती शिफारस केली होती काय, हें स्वतःस विचारावें.

हें केवळ कागदावरचें नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना जंगलखात्याच्याच मुठींत होता. गांव अडून बसलें. शेवटीं २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं स्वतः येऊन वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. आणि आपल्याजवळ पाहा: अमरावती जिल्ह्यांत अचलपूर तालुक्यांत पायविहीर हें गांव. उजाड झालेलें सुमारें १९० हेक्टर रान त्यांस २०१२ सालीं मिळालें. मोकाट चराई व तोड बंद केली, रोजगार हमीचीं कामें तेथेंच काढलीं, आणि तेथलीं सीताफळें थेट मुंबईच्या बाजारांत गेलीं. ते कोणी निराळे लोक नव्हते. त्यांचा डोंगर तोच आपला डोंगर.

पण मी गोडच बोलणार नाहीं. ‘सहकार’ या नांवानेंही आपण फसलों आहों. १९४७ पासून मुंबई राज्यांत जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. ठेकेदाराच्या जाचांतून आदिवासीस सोडवून कूप त्याच्याच संस्थेस द्यावें, हा हेतु थोर. कांहीं संस्थांनीं मजुरीही वाढवून दिली. पण कित्येक ठिकाणीं हिशोबाची वही बाहेरच्या शहाण्याच्या बगलेंत राहिली, आणि सभासद हा पूर्वींसारखाच कुऱ्हाडीचा मजूर राहिला. आपल्या जिल्ह्याची मध्यवर्ती सहकारी बँक कशी डबघाईस आली व सरकारी मदतीनें कशी उभी राहिली, हें येथें बसलेल्या ठेवीदारांस मीं काय सांगावें? ठेकेदार जाऊन अध्यक्ष आला म्हणजे गरिबाचें राज्य आलें असें नव्हे.

म्हणून माझें मागणें असें. तळें असो, गायरान असो, रान असो, त्याचा निर्णय चार पंचांच्या ओसरीवर न होतां साऱ्या ग्रामसभेंत व्हावा, आणि बायाबापड्या तेथें केवळ अंगठ्यासाठीं नव्हे तर बोलण्यासाठीं बसाव्यात. पाणी ज्या वाहतात त्यांस पाण्याचें मत नको काय? जमाखर्च दरमहा मोठ्यानें वाचून दाखवावा व शाळेच्या भिंतीवर लावावा. चिटणीस दर दोन वर्षांनीं बदलावा. मास्तर असला तर आधीं बदलावा! आणि जें सामायिक आहे तें विकण्याचा वा गहाण टाकण्याचा अधिकार कोणासही, ग्रामसभेसही, नसावा, कारण अजून न जन्मलेल्या लेकरांचाही त्यांत वांटा आहे.

काम कोठून सुरू करावें, असें विचाराल. वनहक्काच्या दाव्यास पुरावा लागतो, आणि गांवच्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा कायद्यानें पुरावा मानला आहे. गुरें कोठें चरत, देव कोठें बसला आहे, मढें कोठें पुरलें, पाणवठा कोणता, हें ज्यांस ठाऊक आहे तीं माणसें दरसाल एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर आपला सातबाराच जळतो आहे असें समजा.

मीं एकदां न वाचतां सही केली. तिची किंमत मुलींच्या डोक्यावरच्या हंड्यांनीं भरली. आतां मी दर रविवारीं दउत-लेखणी घेऊन शाळेच्या ओट्यावर बसेन. तुमच्या म्हाताऱ्यांस घेऊन या. ते सांगतील तें मी लिहीन, लिहिलेलें मोठ्यानें वाचून दाखवीन, आणि त्यांनीं ‘बरोबर’ म्हटल्यावरच खालीं अंगठा घेईन.