चूक सुराची की बाईची?

मैत्रिणींनो, नौपाड्यातल्या आपल्या किती मुली गाणं शिकतात! मीही शिकायचे. एका शिबिरात गुरुजी सगळ्यांदेखत म्हणाले, "हा गळा भाजीवालीचा. लग्न करून टाक." भाजीवालीचा गळा वाईट, हे तरी कुणी ठरवलं? माझा गंधार उतरत होता, एवढंच सांगितलं असतं तर मी घासून सुधारला असता. मी तंबोरा ठेवला तो कायमचा.

मोगूबाई कुर्डीकर शिस्तीच्या कडक. तरीही लेक किशोरीताई आमोणकर भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकल्या. म्हणजे कडक तालीम दारं बंद करतेच असं नाही.

टीका सुरावर हवी, बाईवर नको. मुलींनी विचारावं, "गुरुजी, नेमकं काय चुकलं?" तेव्हा आपण तिच्या बाजूला बसलेल्या असू या.