विद्यार्थ्याचे मनोगत : शिक्षकाकडील ठेव



मूल जे घरी बोलत नाही, ते पुष्कळदा वर्गशिक्षकाजवळ बोलते. वडिलांचे व्यसन, आईचे आजारपण, थकलेली फी हे सारे शिक्षकाच्या कानी विश्वासाने पडते. ही माहिती शिक्षकाची मालमत्ता नव्हे. ती ठेव आहे आणि शिक्षक तिचा विश्वस्त आहे. गुरूला पित्याच्या जागी मानणाऱ्या परंपरेचा हाच अर्थ आहे.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले. तेव्हापासून प्रगतिपुस्तकातील शेरे आणि पालकांना द्यायची पत्रे यांसाठीही शिक्षक कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेऊ लागले. वेळ वाचतो, यात वाद नाही. परंतु तेथे लिहिलेला मजकूर शाळेच्या चार भिंतींत राहत नाही. तो कंपनीच्या, बहुधा परदेशातील, संगणकांवर जातो. अनेक सेवांत, वापरणाऱ्याने मनाई केली नसेल तर, यंत्राच्या पुढील प्रशिक्षणासाठीही तो वापरला जाऊ शकतो. जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कार्यालयीन संगणकांवर अशी साधने टाळण्याची सूचना कर्मचाऱ्यांना दिली. शासकीय कागदांबाबत जी दक्षता, ती बालकाच्या आयुष्याबाबत नको काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला. त्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले. नोव्हेंबर २०२५मधील नियमांत शाळांना शैक्षणिक कामापुरती काही सूट आहे; पण सूट म्हणजे मोकळीक नव्हे.

मग शिक्षकाने करावे काय? यंत्राला अडचण सांगावी, विद्यार्थी सांगू नये. ‘वाचनात मागे पडणाऱ्या मुलासाठी पंधरा दिवसांचा सराव’ एवढे सांगितले तरी काम होते. केवळ नाव गाळून भागत नाही. लहान गावात इयत्ता, आजार आणि वडिलांचा व्यवसाय यांवरूनही मूल ओळखू येते. निकालपत्रक, छायाचित्र, आधार क्रमांक, जात, वैद्यकीय अहवाल यांपैकी काहीही यंत्राकडे देऊ नये. कोणते साधन वापरायचे, हे शाळेने ठरवावे आणि पालकसभेत उघडपणे सांगावे. पालकांनीही ते आवर्जून विचारावे.

नवे तंत्र नाकारण्याचे कारण नाही. त्याचे दास होण्याचेही नाही. जेथे मूल निर्धास्तपणे मन मोकळे करते, तेथेच संस्कार रुजतात. तो विश्वास एकदा ढळला, तर कोणतेही यंत्र तो परत आणून देणार नाही.