इब्राहिम : एका नावाची कुळकथा



आपल्या या पानिपताने एकच नाव दोनदा रणात पडलेले पाहिले आहे. एप्रिल १५२६ मध्ये बाबराशी लढताना इब्राहिम लोदी येथे पडला. त्याची कबर गावातच आहे. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेबांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि कैदेत मरण पावला. हा दुसरा आपला. म्हणून त्याच्या नावाची थोडी विचारपूस करण्याचे आम्ही योजिले आहे.

'इब्राहिम' हे अरबी रूप. मूळ हिब्रू नाव 'अब्राहाम'. बायबलातील 'उत्पत्ती'च्या सतराव्या अध्यायात त्याची कथा येते. नव्व्याण्णव वर्षांचा होईतो त्या कुलपुरुषाचे नाव 'अब्राम' होते. 'अब' म्हणजे पिता, 'राम' म्हणजे उन्नत. (आपल्या रामाशी नाते जोडण्याचा मोह कोणी धरू नये!) ईश्वराने त्यात एक 'ह' घातला आणि 'पुष्कळ राष्ट्रांचा पिता' असा अर्थ सांगितला. भाषापंडितांना ही व्युत्पत्ती निर्विवाद वाटत नाही. परंतु श्रद्धावंतांनी तीच मानली.

एका अक्षराने काय घडते हे मराठी माणसास सांगावयास नको. 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. १७७३ साली नारायणरावांवर शस्त्र धरणारे गारदीच होते. तेव्हापासून तो शब्द आपल्या कानांस कडू झाला, आणि त्याचा शिंतोडा बारा वर्षे आधी निवर्तलेल्या इब्राहिमखानावरही उडाला, असे आम्हांस वाटते. त्या दिवशी रोहिल्यांची मोठी हानी केली ती त्याच्याच पलटणींनी.

आणि हे नाव तरी परके कोठे आहे? आपल्या कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. गावांवरून आडनावे घेऊन ते दिवेकर, केहिमकर झाले. घरात बोली मराठीच. मुंबईत १७९६ साली त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर चारचौघांत 'सामाजी हसाजी' होते. त्याच रीतीने अब्राहामाचा झाला 'आबाजी'. म्हणजे अलिबागेकडचा एखादा आबाजी आणि आपला इब्राहिमखान हे नावाने सख्खे!

संक्रांतीला आपण काला आंब येथे जातो आणि मुलांकडून वीरांची नावे वदवून घेतो. भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी ही नावे खणखणीत उच्चारली जातात. इब्राहिमखानाचे नाव आले तर शेवटी, घाईघाईने. येत्या वर्षापासून ते विश्वासरावांच्या लगोलग घेतले जावे, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.