वीज अडते कुठे?

श्रोतेहो, मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा हा गृहस्थ मोटारसायकलच्या वायरिंगवर काय बोलणार, अशी शंका आपल्याला आली तर ती रास्तच आहे. पण अनुमान म्हणजे काय हे शिकवायला बंद पडलेल्या जुन्या मोटारसायकलीइतके चांगले साधन मला दुसरे सापडलेले नाही. पेट्रोल गळले तर वास येतो. चेन तुटली तर ती लोंबताना दिसते. वीज मात्र ना दिसते, ना तिचा वास येतो. ती कुठे अडली हे तिच्या परिणामांवरूनच ओळखावे लागते. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असला पाहिजे, हे आपल्या न्यायशास्त्रातले प्रसिद्ध उदाहरण. मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र धूर दिसेपर्यंत थांबणे परवडत नाही, एवढाच काय तो फरक!

जुनी मोटारसायकल म्हणजे कोणती, ते आधी सांगतो. १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट आपल्याकडे रुजली. त्यानंतर म्हैसूरच्या कारखान्यातून जावा आणि पुढे येझदी बाहेर पडू लागल्या. तो कारखाना १९९६ साली बंद झाला, पण त्याच्या गाड्या काही बंद पडल्या नाहीत. वडिलांची म्हणून जपलेली, शेतावर जायला ठेवलेली, दुधाच्या किटल्या वाहणारी अशी एखादी गाडी अजून पुष्कळ गावांत आहे. बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर यांच्यावर ठिणगी पाडणाऱ्या या गाड्या. त्यांच्यात संगणक नाही, हा त्यांचा दोष म्हणा की गुण. बिघाड शोधायला एक बल्ब, दोन वायरी आणि थोडे डोके एवढे भांडवल पुरते.

परंतु होते काय? गाडी बंद पडली की आपण थेट निकालावर उडी मारतो. ‘बॅटरी गेली,’ कोणीतरी सांगतो. आपण नवी बॅटरी आणतो. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ‘कॉइल गेली.’ मग ‘रेग्युलेटर गेला.’ हजारो रुपये खर्चून शेवटी कळते की फ्रेमला बसवलेल्या एका स्क्रूखाली गंज चढला होता! शिवाय चांगला जुना सुटा भाग भंगारात जातो तो वेगळाच. तसा माल आज बाजारात मिळेलच याचा भरवसा नाही.

तेव्हा पहिला नियम असा : भाग बदलण्याआधी तक्रार नीट मांडा. ‘लाईट बिघडलाय’ ही तक्रार नव्हे. काहीच चालत नाही, की दिवे लागतात पण ठिणगी पडत नाही? बल्ब वारंवार उडतात, की रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी उतरते? या चार तक्रारींची चार वेगळी घराणी आहेत. घराणे ओळखले की निम्मे काम झाले.

काहीच चालत नसेल तर मुळापासून सुरुवात करावी. मूळ म्हणजे बॅटरी. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साडेबाराच्या थोडी वर दाखवते. पावणेबारा दिसले तर ती रिकामी समजावी. सहा व्होल्टच्या बॅटरीला हेच आकडे निम्मे करून घ्या. टोकांवर पांढरी भुकटी जमली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवावी, कोरडी करावी, टोके घट्ट आवळावीत आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नये. बॅटरीत आम्ल असते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून तिथे विडी-काडी नको. वायरिंगला हात घालण्यापूर्वी बॅटरीची अर्थची वायर सोडून ठेवावी आणि तपासणीपुरतीच जोडावी. कित्येक जुन्या इंग्रजी गाड्यांत अर्थ अधिक टोकाला असे. तेव्हा नवी बॅटरी जोडताना सवयीवर न जाता आपल्या गाडीची रीत आधी पाहावी.

बॅटरीनंतर फ्यूज. इथे मला जरा कडक बोलायचे आहे. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे बहाद्दर आपण पाहतो. गाडी सुरू होते, आणि म्हणूनच हा उपाय वाईट! फ्यूज हा घराचा राखणदार आहे. वायर कुठे फ्रेमला घासून उघडी पडली की तो स्वतः जळतो आणि वायरिंग वाचवतो. राखणदाराला बाजूला सारले की जळायची पाळी वायरींची, आणि त्या वायरी पेट्रोलच्या टाकीखालून गेलेल्या असतात. पुस्तिकेत लिहिलेल्या आकड्याचाच फ्यूज घालावा. तोही उडाला तर कारण सापडेपर्यंत तिसरा घालू नये.

आता त्या गंजलेल्या स्क्रूकडे येऊ. वीज बॅटरीतून निघते आणि काम करून बॅटरीकडे परत येते. जाताना ती वायरीतून जाते. येताना मात्र बहुतेक ठिकाणी गाडीच्या लोखंडातूनच येते. आपण जाण्याची वाट तपासतो आणि येण्याची विसरतो. फ्रेमला हौसेने नवा रंग दिला, आणि त्यानंतर दिवे मंदावले, असे पुष्कळदा घडते. रंगातून वीज जात नाही, हे साधे कारण. अर्थच्या जोडाखाली रंग खरवडून लख्ख धातू काढला पाहिजे.

गंजाने एवढे काय बिघडते, असे आपण म्हणाल. हिशोब करून पाहू. ३५ वॅटचा हेडलाईट बारा व्होल्टवर सुमारे तीन अँपिअर करंट घेतो. तोच सहा व्होल्टवर जवळजवळ सहा अँपिअर घेतो. एखाद्या जोडात गंजामुळे ओहमच्या पाचव्या हिश्श्याइतका, म्हणजे ०.२ ओहम, रोध आला असे धरा. बाराच्या गाडीत तिथे अर्ध्या व्होल्टच्या आसपास वाया जाते. सहाच्या गाडीत मात्र जवळजवळ एक व्होल्ट, म्हणजे सहावा हिस्सा जातो. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. म्हणून त्याच गंजाने बाराच्या गाडीचा उजेड सहाव्या-सातव्या हिश्श्याने कमी होईल, आणि सहाच्या गाडीचा जवळजवळ निम्म्यावर येईल. ‘जुन्या गाडीचा लाईट असाच मिणमिणता असायचा’ असे म्हणून आपण जे सोडून देतो, त्यात गाडीच्या जन्माचा दोष थोडा आणि गंजाचा अधिक असतो.

अर्थ गेल्याची एक मजेदार खूण सांगतो. दिवे बंद ठेवून ब्रेक दाबा. मागचा ब्रेकलाईट नीट न लागता पुढे स्पीडोमीटरचा दिवा मंद लुकलुकला, तर गाडीत भूत शिरले असे समजू नका. मागच्या दिव्याची परतीची वाट बंद झालेली आहे. तेव्हा वीज त्याच बल्बच्या दुसऱ्या तारेतून उलटी शिरते आणि पुढच्या दिव्यातून घर गाठते. पाण्याला बांध घातला की ते शेजारच्या शेतात शिरते, तसेच हे.

अडलेली जागा नेमकी कशी शोधावी? एक बल्ब होल्डरसकट घ्यावा, त्याला दोन वायरी जोडाव्यात. हा झाला आपला टेस्ट लॅम्प. एक वायर इंजिनच्या उघड्या धातूला लावायची आणि दुसरीने वाटेवरचा एकेक जोड चाचपायचा. बल्ब लागला तर वीज इथवर आली, नाही लागला तर मागेच अडली. पण ओळीने जाऊ नका. मधोमध सुरुवात करा. समजा बॅटरीपासून हॉर्नपर्यंत वाटेचे आठ तुकडे आहेत. मध्यावर वीज असेल तर पहिले चार निर्दोष सुटले. उरलेल्या चारांच्या मध्यावर पुन्हा तपासा. तीन तपासण्यांत गुन्हेगार हाती लागतो. तपासताना हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहावे. हँडलखाली वायरी रोज वाकतात आणि आतली तार तुटूनही वरचे आवरण शाबूत दिसते. गाडी गोठ्यात किंवा पडवीत उभी राहत असेल तर सीटखालीही नजर टाकावी. उंदरांना वायरीचे वावडे नसते.

दिवे लागतात पण ठिणगी नाही, हे दुसरे घराणे. टेस्ट लॅम्पची एक वायर इंजिनला आणि दुसरी कॉइलवरून पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला लावा. चावी चालू करून किकने इंजिन सावकाश फिरवा. पॉइंट मिटले की बल्ब विझला पाहिजे, उघडले की लागला पाहिजे. सतत लागलेलाच राहिला तर पॉइंट नीट टेकत नाहीत. त्यांच्यावर तेल किंवा काजळी आहे, ती साफ करावी, आणि फट सुमारे ०.४ मिलिमीटर आहे ना, तेही पाहावे. बल्ब मुळीच लागला नाही, तर एक तर कॉइलपर्यंत वीज येत नाही, नाहीतर पॉइंटची वायर वाटेत कुठेतरी लोखंडाला टेकली आहे. यातले कोणते, ते कॉइलच्या आधीच्या टोकाला तपासले की कळते. पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि ते लवकर जळत असतील, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. प्लग काढून ठिणगी पाहायची झाली तर तो प्लगच्या उघड्या भोकापासून दूर धरावा. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

आता एक फसवी तक्रार. गाडी दहा-पंधरा मैल उत्तम चालते, मग बंद पडते, आणि थोडी थांबली की पुन्हा सुरू होते. कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देतो तेव्हा असेच होते. पण पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले तरी अगदी असेच होते! म्हणून गाडी बंद पडताक्षणी झाकण उघडून लगेच किक मारावी. गाडी सुरू झाली आणि पुढच्या खेपेलाही तोच अनुभव आला, तर वीज निर्दोष आहे. एकाच परिणामाची दोन कारणे संभवतात तेव्हा एक गोष्ट बदलावी, बाकी सर्व तशीच ठेवावी. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हीच पद्धत मांडली. आम्ही ती फळ्यावर शिकवतो. आमचे मिस्त्री ती रस्त्यावर वापरतात.

बल्ब वारंवार उडत असतील तर इंजिन मध्यम वेगात चालवून बॅटरीवर मीटर लावा. बाराच्या गाडीला चौदाच्या आसपास दिसावे. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर तपासावा, आणि बॅटरीची वायर ढिली नाही ना, हेही पाहावे. आकडा जागचा हललाच नाही, तर चार्जिंग होत नाही. बुलेटच्या हेडलाईटवरचा अँमीटर हेच काम बसल्या जागी करतो. पण आपण त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहतो. राहिली उभ्या उभ्या उतरणारी बॅटरी. चावी बंद ठेवा, बॅटरीची अर्थची वायर सोडा आणि त्या दोहोंच्या मध्ये टेस्ट लॅम्प जोडा. तो जरा जरी पेटला तरी कुठूनतरी गळती आहे. मग एकेक वायर सोडत जायचे. जी सोडल्यावर बल्ब विझेल, ती चोरवाट. बारीक गळतीला मात्र मल्टिमीटरच हवा.

श्रोतेहो, हा सारा खटाटोप केवळ पैसे वाचवण्यासाठी नाही. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींचे दिवे इंजिनबरोबर आपोआप लागतात. जुन्या गाडीला ती सोय नाही. पुढचा दिवा लागला नाही तर आपल्याला तत्काळ कळते. मागचा गेला तर तो कळतो फक्त मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला, आणि कधीकधी फार उशिरा कळतो. घाटात, पावसात, संध्याकाळच्या वेळी तो लाल ठिपका म्हणजे आपले सर्वस्व असते. म्हणून एवढेच सुचवतो. गाडी बाहेर काढण्याआधी तिला भिंतीपुढे उलटी उभी करा, ब्रेक दाबा आणि भिंतीवर लाल उजेड पडतो का ते मान वळवून पाहा. पडला तर निघा. नाही पडला तर गाडी स्टँडवर घ्या आणि आधी अर्थचा स्क्रू पाहा.